इतिहासाचा एम. ए. आणि मिंट रोडची खुर्ची : डिसेंबर २०१८ मधल्या एका नेमणुकीचं प्रकरण

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी १० डिसेंबर २०१८ रोजी, सोमवारी, ‘वैयक्तिक कारण’ देऊन राजीनामा दिला. मुदत संपायला जवळपास नऊ महिने होते. मंगळवारी पाच राज्यांचे निवडणूक निकाल लागत होते आणि सगळ्या वाहिन्या त्यातच गुंतल्या होत्या. त्याच दिवशी नव्या गव्हर्नरचं नाव जाहीर झालं : शक्तिकांत दास. बुधवारी त्यांनी मुंबईत मिंट रोडवरच्या मुख्यालयात कार्यभार घेतला.

दास १९८०च्या तुकडीचे, तामिळनाडू केडरचे आयएएस अधिकारी. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातून इतिहासात एम. ए. त्यांच्याआधीचे ऊर्जित पटेल येल विद्यापीठाचे डॉक्टरेट, त्यांच्याआधीचे रघुराम राजन एमआयटीचे. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत चर्चा एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे पदवीची. गुजरातमधल्या भाजपच्याच एका माजी मंत्र्याने ‘इतिहासवाले रिझर्व्ह बँकेला इतिहासजमा न करोत’ अशा अर्थाची टिप्पणी केली आणि ती देशभर फिरली. फोर्टमधल्या बँकांच्या कँटीनमध्ये तर त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.

दादरला संध्याकाळच्या वर्गात बँकांमधल्या मुलामुलींना मी पतधोरण शिकवतो. हे प्रकरण दरवर्षी वर्गात घेतो, कारण प्रश्न सोपा वाटतो आणि वर्गाचे लगेच दोन तट पडतात : सरकारचं आर्थिक धोरण चालवणाऱ्या माणसाकडे अर्थशास्त्राची पदवी हवी की नको? माझं मत आधीच सांगून टाकतो. पदवीवर भांडण झालं कारण पदवी एका मिनिटात शोधता येते. त्या नेमणुकीत काळजी करण्यासारखं जे होतं ते बायोडेटाच्या ‘शिक्षण’ या रकान्यात नव्हतंच.

कायदा काय म्हणतो

भारतीय रिझर्व्ह बँक कायदा १९३४चा. त्याच्या कलम ८ नुसार गव्हर्नर आणि जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर केंद्र सरकार नेमतं. मुदत सरकार ठरवेल ती, पण एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा नेमता येतं. पात्रतेबद्दल अक्षर नाही. कलम १० मध्ये संचालक कोण होऊ शकत नाही ते आहे, म्हणजे दिवाळखोर वगैरे. तिथेही पदवीचा उल्लेख नाही.

आता त्याच कायद्यात २०१६ साली घातलेला भाग काढा. पतधोरण समिती, म्हणजे व्याजदर ठरवणारी समिती, सहा जणांची. तिघे रिझर्व्ह बँकेचे, त्यांत गव्हर्नर अध्यक्ष. तिघे बाहेरचे, सरकारने नेमलेले. या बाहेरच्या तिघांसाठी कलम ४५ झेडसी सांगतं की त्यांना अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरणातलं ज्ञान आणि अनुभव हवा. त्यांची निवड कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या शोध समितीमार्फत व्हायची. मुदत चार वर्षं आणि फेरनेमणूक नाही.

दोन्ही कलमं शेजारी शेजारी छापून मी वर्गात वाटतो. एका वर्षी अंधेरीच्या एका सरकारी बँकेतला मुलगा कागद बघून म्हणाला, “सर, म्हणजे एक मत असलेल्याला पात्रता पाहिजे, आणि बरोबरीत निर्णायक मत असलेल्याला नको?” हेच. समितीत ३-३ झालं तर गव्हर्नरचं दुसरं मत चालतं.

पण त्या मुलाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बाहेरच्या सदस्याला फेरनेमणूक नाही, म्हणजे पुढच्या चार वर्षांच्या आशेने मत देण्याचा मोह त्याला राहत नाही. गव्हर्नरला तो राहतो. दास यांची मुदत तीन वर्षांची होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आणखी तीन वर्षांनी वाढवली गेली. त्यांनी त्या आशेने काही केलं असं मी म्हणत नाही. कायदा एका खुर्चीसाठी हा धोका ओळखतो आणि शेजारच्या मोठ्या खुर्चीसाठी डोळे मिटतो, एवढंच म्हणतो.

जुनी यादी

‘इतिहास शिकलेला गव्हर्नर कसा’ असं विचारणाऱ्याला मराठी माणसाने आधी चिंतामणराव देशमुखांची आठवण करून द्यावी. पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही मिळवलेलं. मग १९१८च्या आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिले. महायुद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात हाच वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा खुर्चीवरही तोच. १९४५ साली बँकेत संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला तोही त्यांच्याच काळात. बँकेत अर्थतज्ज्ञांची फळी तयार होण्याची ही सुरुवात.

पुढे पाहिलं तर सगळे प्रकार दिसतात. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ पेशाने बँकर. नंतर बराच काळ आयसीएसवाले. १९७७ मध्ये काही महिने एम. नरसिंहम, जे रिझर्व्ह बँकेच्याच नोकरीतून वर आलेले एकमेव गव्हर्नर. मग आय. जी. पटेल आणि मनमोहन सिंग, दोघंही पट्टीचे अर्थतज्ज्ञ. १९९०च्या डिसेंबरात एस. वेंकिटरमणन आले, भौतिकशास्त्र शिकलेले आयएएस. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून साधारण ४० कोटी डॉलर उभे केले गेले ते त्यांच्याच काळात. आणि पुढच्याच वर्षी याच मुंबईत, फोर्टातल्या याच गल्ल्यांत, हर्षद मेहताचा रोखे घोटाळा फुटला तोही त्यांच्याच काळात. भौतिकशास्त्राला यातल्या कशाचं श्रेय द्यायचं आणि कशाचं खापर फोडायचं?

सरकारशी बिनसून कोण गेलं तेही बघा. स्मिथ १९३७ मध्ये विनिमय दर आणि व्याजदरांवरच्या मतभेदांतून मुदतीआधी गेले. बेनेगल रामा राव १९५७ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींशी खटका उडून गेले. तिसरे ऊर्जित पटेल. त्यांनी कारण वैयक्तिक लिहिलं, पण आधीच्या दोन महिन्यांत काय चाललं होतं ते साऱ्या मुंबईने पाहिलं होतं. एक बँकर, एक आयसीएस, एक येलचा डॉक्टर. ‘नाही’ म्हणण्याचा पदवीशी काही संबंध असता तर हे तिघे एकाच प्रकारचे निघाले असते.

ते दोन महिने

२६ ऑक्टोबर २०१८ला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यान दिलं. मध्यवर्ती बँकेच्या स्वातंत्र्याचा मान न राखणाऱ्या सरकारला आज ना उद्या बाजाराचा रोष पत्करावा लागतो, असा त्याचा गाभा. उदाहरण अर्जेंटिनाचं, २०१० सालचं : बँकेच्या गंगाजळीवर सरकारचा डोळा आणि गव्हर्नरचा राजीनामा. पाठोपाठ कलम ७च्या बातम्या आल्या. या कलमाखाली सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून, लोकहिताचं कारण देऊन, बँकेला थेट आदेश देऊ शकतं. तोवर ते कधीच वापरलं गेलेलं नव्हतं. १९ नोव्हेंबरला संचालक मंडळाची बैठक तब्बल नऊ तास चालली. तीन आठवड्यांत पटेल गेले.

याच पार्श्वभूमीवर ११ डिसेंबरची नेमणूक वाचली पाहिजे. दास २०१५ ते २०१७ आर्थिक व्यवहार सचिव होते. आठ केंद्रीय अर्थसंकल्पांच्या तयारीत त्यांचा थेट सहभाग होता. नोटाबंदीनंतर रोज दुपारी-संध्याकाळी टीव्हीवर येऊन नवे नियम सांगणारा चेहरा त्यांचाच. म्हणजे वाद नॉर्थ ब्लॉक (अर्थमंत्रालय) आणि मिंट रोड (रिझर्व्ह बँक) यांच्यात, आणि मिंट रोडच्या खुर्चीत आला नॉर्थ ब्लॉकचा माणूस. विचारायचं होतं ते हे. एका दिवसात कोणता शोध झाला, आणखी कोणाची नावं पाहिली गेली, हेही विचारायचं होतं. आम्ही सगळे मात्र ‘इतिहास’ या शब्दावर हसत बसलो.

गंमत म्हणजे चारच दिवस आधी, ७ डिसेंबरला, सरकारने मुख्य आर्थिक सल्लागार म्हणून कृष्णमूर्ती सुब्रमण्यन यांना नेमलं होतं. शिकागो विद्यापीठातून वित्त विषयात डॉक्टरेट. सल्ला देणाऱ्याकडे पदवी, निर्णय घेणाऱ्याकडे प्रशासनाचा अनुभव, अशी ही विभागणी जुनीच आहे. सल्लागाराचा सल्ला फाइलीत राहू शकतो, गव्हर्नरची सही राहत नाही.

नोटाबंदीचा आरसा

पदवीचा आग्रह धरणाऱ्यांसमोर मी एकच तारीख ठेवतो : ८ नोव्हेंबर २०१६. त्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक दिल्लीत झाली. अध्यक्षस्थानी गव्हर्नर ऊर्जित पटेल, आणि सरकारतर्फे संचालक म्हणून दासही हजर. माहिती अधिकारातून या बैठकीचं इतिवृत्त नंतर बाहेर आलं. काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून सोन्यात आणि घर-जमिनीत असतो, त्यामुळे त्यावर फारसा परिणाम होणार नाही, हे त्यात संचालकांचं निरीक्षण म्हणून नोंदवलेलं आहे. त्या वर्षीच्या विकासदराला अल्पकाळ फटका बसेल, हेही नोंदवलेलं आहे. आणि अखेरीस शिफारस मंजूर. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर. ऑगस्ट २०१८च्या वार्षिक अहवालात हिशेब लागला : १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा परत आल्या.

म्हणजे ज्ञान खोलीत होतं, लेखी होतं. येलचा डॉक्टर आणि इतिहासाचा एम. ए. एकाच टेबलावर बसले होते आणि निकाल एकच लागला.

सहा वर्षांचा ताळेबंद

दास १० डिसेंबर २०२४ पर्यंत राहिले. रामा रावांनंतर इतका काळ कोणी गव्हर्नर राहिलेलं नाही. त्यामुळे पडताळून पाहायला भरपूर सामग्री आहे.

सुरुवात ७ फेब्रुवारी २०१९ पासून. पहिल्याच बैठकीत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, पाव टक्क्याने खाली, ६.२५ वर. मतं ४ विरुद्ध २. विरोधात विरल आचार्य आणि चेतन घाटे, दोघंही डॉक्टरेट असलेले अर्थतज्ज्ञ. ऑगस्टमध्ये तर ०.३५ टक्क्याची कपात झाली. पाव आणि अर्ध्याच्या मधला असा आकडा पाहून बाजारवाले चक्रावले. त्याच महिन्यात सरकारकडे १,७६,०५१ कोटी रुपये वर्ग करण्याचा निर्णय झाला. गंगाजळी किती ठेवायची हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष बिमल जालन, उपाध्यक्ष राकेश मोहन. त्यांनी जोखमीसाठीची राखीव रक्कम ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के असावी असा पट्टा दिला. संचालक मंडळाने त्यातलं सर्वांत खालचं टोक, ५.५, निवडलं; राखीव जितकी कमी, तितकी सरकारकडे जाणारी रक्कम जास्त. पट्टा अर्थतज्ज्ञांनी आखला आणि त्यात कुठे उभं राहायचं ते मंडळाने ठरवलं. पटेल यांच्या काळात ज्या गंगाजळीवरून ठिणग्या उडत होत्या, तो विषय असा शांतपणे मिटला. कोणाच्या बाजूने मिटला, ते आकडा सांगतो.

मग २३ सप्टेंबर २०१९. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध आले. ठेवी ११,६०० कोटींच्या वर. त्यातून एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला सुमारे ६,५०० कोटी दिलेले, आणि ते लपवायला २१,०४९ बनावट खाती. ठेवीदारांना सुरुवातीला मुभा फक्त १,००० रुपये काढण्याची. माझ्या वर्गातली एक मुलगी तेव्हा मुलुंडच्या दुसऱ्या एका नागरी सहकारी बँकेत काउंटरला होती. ती सांगत होती की त्या आठवड्यात त्यांच्याकडे पैसे काढायला आले त्यापेक्षा जास्त लोक पासबुक भरून घ्यायला आले. “काका-काकू यायचे, छापलेला शेवटचा आकडा दोन-दोनदा बघायचे, विचारायचे, ताई, हे नक्की आहेत ना? आणि पासबुक पिशवीत घालून जायचे.” प्रिंटरची रिबन दोनदा बदलावी लागली म्हणे.

पीएमसीचं पाप दास येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. राजन आणि पटेल या दोन डॉक्टरांच्या काळातही तपासणीत ती बनावट खाती सापडली नव्हती. नंतर जे उपाय झाले ते बहुतेक कायद्याचे आणि दिल्लीतून करून आणण्याचे : ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख, आणि त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा हात घट्ट झाला. नॉर्थ ब्लॉकचे दरवाजे माहीत असलेला गव्हर्नर इथे कामी आला असणार, असं मला वाटतं. पण ठेवीदारांना पूर्ण तोडगा मिळायला जानेवारी २०२२ उजाडावं लागलं, तेव्हा कुठे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं. आणि तेही मोठ्या ठेवींसाठी वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत.

करोनात मात्र घाई दिसली आणि ती योग्य होती. २७ मार्च २०२०ला रेपो दर पाऊण टक्क्याने ४.४० वर, रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो भाग बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायचा असतो तो) ३ टक्क्यांवर, कर्जाच्या हप्त्यांना तीन महिने सवलत. मे महिन्यात दर आणखी खाली, ४ टक्के. त्याआधी मार्चच्या सुरुवातीला येस बँकेवर निर्बंध आले होते. पण स्टेट बँकेला पुढे करून दोन आठवड्यांत तिची दारं पुन्हा उघडली. संकट हाताळण्यात हा माणूस तयार होता, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केलं.

महागाईचा भाग तितका चांगला नाही. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के. ४ मेला ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन दर ०.४० टक्के वाढवावा लागला. महागाईने सलग तीन तिमाही ६ टक्क्यांची कमाल मर्यादा मोडल्यावर कायद्यानुसार सरकारला पत्र लिहावं लागलं. पतधोरण समितीची रचना झाल्यापासून ही पहिलीच वेळ. पत्रासाठी ३ नोव्हेंबरला बैठक झाली, पण पत्र लोकांपुढे ठेवलं नाही.

‘बघा, अर्थशास्त्र न शिकल्याचा परिणाम’ असं म्हणणाऱ्यांनी समितीची इतिवृत्तं वाचावीत. ऑगस्ट २०२१ पासून बाहेरचे सदस्य जयंत वर्मा शिथिल भूमिकेच्या, म्हणजे दर खालीच ठेवण्याच्या कलाच्या, विरोधात मत नोंदवत होते. ते अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक. आणि ती भूमिका चालू ठेवणाऱ्यांत डेप्युटी गव्हर्नर मायकेल पात्रा होते. पात्रांची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट आपल्या पवईच्या आयआयटीची, आणि उभी हयात रिझर्व्ह बँकेत गेलेली. आशिमा गोयलही होत्या, गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या प्राध्यापक. डॉक्टरेट दोन्ही बाजूंना होत्या. गव्हर्नरला अर्थशास्त्र सांगणारं कोणी नव्हतं असं कधीच नव्हतं. त्याने कोणाचं ऐकायचं ठरवलं, हा मुद्दा.

बाहेर काय करतात

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष म्हणून २०१८ मध्ये आलेले जेरोम पॉवेल वकील. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ख्रिस्तीन लागार्द वकील. उलट तुर्कस्तानात २०२१ मध्ये बँकिंग विषयात डॉक्टरेट असलेले गव्हर्नर आणले गेले. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनुसार दर उतरत गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर पोचली.

पॉवेल यांना मात्र सिनेटच्या समितीपुढे बसून प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली, मग सिनेटमध्ये मतदान झालं, ८४ विरुद्ध १३. लागार्दही युरोपीय संसदेच्या समितीपुढे गेल्या. पदवी कुठलीही असो, लोकांना त्या माणसाची दोन-चार तास परीक्षा पाहता आली. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा चार ओळींचा आदेश निघतो.

वर्गात शेवटी कोणीतरी विचारतंच, “मग पदवी बघायचीच नाही का, सर?” बघावी. त्यातून एवढं कळतं की समोर आलेलं टिपण हा माणूस स्वतः तपासू शकेल की हाताखालच्यांवर विसंबेल. विसंबणार असेल तर हाताखाली कोण आहे ते बघावं. पण आधी हे बघावं की गेली पाच वर्षं तो कोणाच्या खोलीत बसत होता आणि मुदतीनंतर कुठे जाऊ शकतो. दास फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांचे प्रधान सचिव-२ झाले. नियमाने त्यात काही गैर नाही. गव्हर्नरने पद सोडल्यावर सरकारात परत जाण्याआधी थांबावं, अशी अट कायद्यात नाहीच.

त्यांच्यानंतर संजय मल्होत्रा आले. कानपूरच्या आयआयटीतून संगणकशास्त्र, प्रिन्स्टनमधून सार्वजनिक धोरण, आणि नेमणुकीच्या दिवशी पद महसूल सचिवाचं. या वेळी पदवीवरून कोणी ओरडलं नाही. आधीच्या गव्हर्नरची मुदत १० डिसेंबर २०२४ला संपणार हे तीन वर्षं आधीपासून ठाऊक होतं. कोणाचा राजीनामा नव्हता, की कसली घाई नव्हती. नव्या गव्हर्नरचं नाव जाहीर झालं ९ डिसेंबरला.